पेल्याला वारा लागू नये म्हणून

हाझेलरॉइटच्या चिनी मातीच्या कारखान्याला मोठमोठ्या खिडक्या होत्या, पण त्या उघडायची मनाई होती. चाकावरून उतरलेल्या ओल्या पेल्याला वारा लागला की तडा जातो. माणसाला वारा लागला नाही तर काय होतं, हे नियम करणाऱ्यांनी कधी बघितलं नसावं. बघितलं असेल, तर त्यांनी पेला महाग धरला आणि माणूस स्वस्त.

वालबुर्गा हागर त्या बंद खिडक्यांच्या आत तेराव्या वर्षी कामाला लागली. सगळे तिला बुर्गल म्हणायचे. तिचं काम पुसायचं. साच्यातून निघालेल्या भांड्यावर जोडाची रेघ राहते, ती भांडं वाळल्यावर पात्याने खरवडायची आणि कुंचल्याने झटकायची. दिवसाला चारशे पेले. प्रत्येक पेल्यातून चिमूटभर पांढरी भुकटी उडायची आणि नाकातोंडात, केसांत, डब्यातल्या पावावर बसायची. संध्याकाळी बाया रस्त्याने निघाल्या की पिठाच्या गिरणीतून सुटल्यासारख्या दिसत. परगावचे लोक म्हणत, "काय गोऱ्यापान बाया आहेत तुमच्याकडे!" आमच्या बाया हसत आणि हसता हसता खोकत.

तिचा बाप त्याच कारखान्यात चाकावर बसायचा. तरणा होता तेव्हा मातीची दोन पोती एका खांद्यावर घेऊन जिना चढायचा. सदतिसाव्या वर्षी तो जिना चढताना मध्येच बसायला लागला. एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. तेव्हाच्या कारखान्याच्या डॉक्टरने दाखल्यावर लिहिलं, 'जन्मतः छाती नाजूक.' बारा वर्षांच्या बुर्गलने तो कागद आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "जन्मतः? यांनी पोती उचलली तेव्हा कुठे होता हा मेला?" आणि तिने तो कागद घडी घालून ठेवून दिला, कारण पुरायला कागद लागतो.

बुर्गल चोवीस वर्षांची असताना 'काळं अस्वल' या खानावळीत चिनी माती कामगारांच्या संघटनेची सभा झाली. तेव्हा असा कायदा होता, की धंद्याची बोलणी असतील तर बायांनी बसावं आणि राजकारण निघालं तर बायांनी उठून जावं. कुठे धंदा संपतो आणि कुठे राजकारण सुरू होतं, हे ठरवायला व्यासपीठावर जमादार क्नोल तलवार मांडीवर आडवी घेऊन बसलेला असायचा. समोर त्याचा बिअरचा पेला, शेजारी त्याचा टोप. त्याने टोप डोक्यावर घातला की सभा बरखास्त.

बाहेरगावचा वक्ता आधी मजुरीवर बोलला, मग धुळीवर. जमादार पीत राहिला. वक्ता म्हणाला, "धूळ ओढून घेणारे पंखे लावायची सक्ती व्हावी, असा कायदा पाहिजे." जमादार ताडकन उठला.

"बाया बाहेर! कायदा म्हटलं की राजकारण."

खुर्च्या सरकल्या. बायका डोक्याचे रुमाल सारखे करत निघाल्यासुद्धा. बुर्गल मात्र जागची हलली नाही.

"जमादारसाहेब, एक विचारते."

"विचारायचं नाही. बाहेर!"

"धूळ माझ्या छातीत जाते, ते राजकारण नाही ना? तेवढ्यापुरतं बसलं तर चालतं. ती बाहेर काढा म्हटलं, की राजकारण होय?"

खानावळ हसून हसून दणाणली. जमादाराने टोप घातला, पण घाईत उलटा घातला, म्हणून लोक आणखीच हसले. ते हसणं बुर्गलला महागात पडलं. सरकारी माणसाचा अपमान म्हणून तीन दिवस कोठडी, आणि चौथ्या दिवशी कारखान्यातून काढल्याची चिठ्ठी. चिठ्ठीत एकच शब्द होता, 'उद्धट.' अकरा वर्षांत तिच्या हातून किती पेले निसटून फुटले? नऊ. त्या नवांचे पैसे तिच्या पगारातून कापलेले. बाकी सगळं काम चोख. आणि बाईची सगळी किंमत एका शब्दात!

कोठडीतून ती बाहेर आली तेव्हा दाराशी फाइट प्रेल उभा होता. चाकावरचा कारागीर, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आणि इतका अबोल की दोस्त त्याला 'खांब' म्हणायचे. त्याच्या हातात राईचा पाव आणि कागदात गुंडाळलेलं सॉसेज होतं.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "तुला येतं. तू बोलत जा. मी पाव आणत जाईन."

पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. मूल झालं नाही. आसपासच्या सहा गावांतल्या कारखान्यांत बुर्गलचं नाव असलेली यादी फिरली होती, त्यामुळे तिला कुठेच कुणी घेईना. ती लोकांचे कपडे धुवायची आणि संध्याकाळी घरोघर फिरून संघटनेची वर्गणी गोळा करायची. वर्गणीला गेली की दोन गोष्टी विचारायची. घरात खोकतं कोण, आणि किती वर्षं कामावर.

संघटनेतल्या पुरुषांनी तरी तिला डोक्यावर घेतलं का? छे. समतेवर ते तासतास बोलत, आणि मग म्हणत, "बुर्गल, कॉफी टाक गं." एकोणीसशे एकोणीस साली बायांना मत आलं, तेव्हा नगरपालिकेच्या उमेदवारांच्या यादीत तिला नवव्या जागेवर बसवलं. आठच्या वर निवडून येणार नाहीत, असा सगळ्यांचा हिशोब होता. पण पुसणाऱ्या, रंगवणाऱ्या, पेटी भरणाऱ्या झाडून सगळ्या बाया मतदानाला आल्या आणि दहा जण निवडून आले. पहिल्या बैठकीला महापौरांनी तिला फुलांचा गुच्छ दिला आणि सूप वाटपाची समिती दिली. तिने गुच्छ शिपायाच्या बायकोला दिला आणि सूप वाटता वाटता चर्चमधली मयतांची वही मागवली. चार रविवार बसून तिने वीस वर्षांची नावं उतरवली. आमच्या गावात शेतकरी सरासरी बासष्टाव्या वर्षी मरत होता. चाकावरचा कारागीर बेचाळिसाव्या.

ती वही तिने बैठकीत वाचली. उत्तर द्यायला उठले कारखान्याचे नवे डॉक्टर लाउटेनबाख. बारा साली ते गावात आले होते. देखणे, मृदू बोलणारे, बाळंतपणात तरबेज.

"आकडे दुःखद आहेत," ते म्हणाले. "पण याला कारण धूळ नाही, बिअर आहे. कामगार दिवसाला चार-चार पेले बिअर पितो."

हे खरं होतं, कामगार बिअर पीत. घशातली धूळ खाली उतरायला दुसरं काय होतं त्यांच्याकडे? पाण्याचा नळ भट्टीच्या पलीकडे आणि तिथवर गेलं की दंड. आधी माणसाला धूळ खायला घालायची, मग त्याने ती गिळायला बिअर घेतली की म्हणायचं, दारुडा आहे, मरणारच. चोर तो चोर, वर शिरजोर! बुर्गल घरी आली ती पाय आपटत. फाइट चुलीपाशी बटाट्याचे गोळे उकडत होता. तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पुरावा नाही तुझ्याकडे. वही म्हणजे पुरावा नाही. ते म्हणतील, नावं आहेत, छात्या कुठे आहेत?"

तो सहज बोलून गेला. तिच्या डोक्यात मात्र ते रुतून बसलं.

चोवीस साली ती म्युनिकच्या विधानसभेत निवडून गेली. मंगळवारी पहाटेच्या गाडीने जायची, शुक्रवारी यायची. तिथे तिला कळलं, की आमच्या भागातल्या मोठ्या शहराच्या रुग्णालयात एक म्हातारा शवचिकित्सक आहे आणि खाणीतल्या दगडफोड्यांची फुप्फुसं उघडून त्यांतली धूळ दाखवतो. ती त्याला भेटली. तो म्हणाला, "तुमच्या गावचं एकही प्रेत माझ्या टेबलावर आलेलं नाही, बाई. आणा. मग मी लिहून देईन."

आणा म्हणे! पंचवीसच्या शरद ऋतूत लोरेंझ माइनल गेला, तेव्हा बुर्गल त्याच्या विधवेकडे गेली. अपोलोनिया माइनल आणि ती एकाच बाकावर बसून पेले पुसत मोठ्या झालेल्या. लोरेंझ आतल्या खोलीत धुतलेल्या शर्टात निजवलेला होता. बुर्गलने कसंबसं तोंड उघडलं. अपोलोनियाने सगळं ऐकून घेतलं आणि मग उभी राहिली.

"जन्मभर कारखान्याने कापला त्याला. आता तू कापणार?"

"पोलोनिया, ऐक तर..."

"तू म्युनिकला जा. तिथे भाषण कर. माझ्या दारात उभी राहू नकोस."

दार लागलं. बुर्गल घराकडे वळली. आपण गिधाड झालो की काय, असं तिला वाटलं.

घरी फाइट खुर्चीत बसून झोपायचा. आडवं झालं की श्वास अडायचा, म्हणून दोन वर्षं त्याने पलंग सोडलेला. त्याने विचारलं, "नाही म्हणाली?"

"नाहीच म्हणणार. मी पण नाही म्हटलं असतं."

"माझ्यापासून सुरुवात कर."

"गप्प बैस."

"अगं, मी गप्पच असतो. आज बोलतोय, तर ऐक. माझी छाती अठ्ठावीस वर्षं कारखान्याने वापरली. मेल्यावर चार दिवस तू वापर."

ती उठून बाहेर गेली, लाकडं आणायच्या निमित्ताने. लाकूड घरात भरपूर होतं.

फाइट सव्वीसच्या फेब्रुवारीत गेला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. डॉक्टर लाउटेनबाख आले, त्यांनी टोपी काढली, तिचा हात हातात घेतला आणि दाखल्यावर लिहिलं, 'जुनाट दमा. कारण मद्यपान.' रविवारी एक पेला घेणाऱ्या माणसाबद्दल! तिने कागद वाचला. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी ती फक्त म्हणाली, "शाई वाळू द्या, डॉक्टरसाहेब. हा कागद मला जपून न्यायचाय."

प्रेत मोठ्या शहरात न्यायला परवाना लागला, जस्ताची पेटी लागली, मालगाडीचं भाडं लागलं. पाद्रीबुवांनी रविवारी प्रवचनात 'मृतांच्या विश्रांती'वर बोलून घेतलं. बुर्गल पुढच्याच बाकावर बसून ऐकत होती. जिवंतपणी फाइटला खुर्चीत बसून झोपावं लागलं, तेव्हा त्याच्या विश्रांतीची कुणाला काळजी वाटली नव्हती.

म्हाताऱ्या शवचिकित्सकाने तिला आत घेतलं नाही. ती दाराबाहेर बाकावर बसली. दार जुनं होतं, नीट लागत नव्हतं. आत सुरी चालली, आणि तिला आवाज आला. मांस कापल्याचा तो नव्हता. वाळूवरून पत्रा ओढावा तसा करकर आवाज. तिने हातातला रुमाल तोंडात कोंबला.

बाहेर आल्यावर तो म्हातारा हात पुसत होता. मग म्हणाला, "प्रेलबाई, माझी सुरी बोथट झाली. दारूने फुप्फुसाचा दगड होत नाही. मी हेच लिहून देतो."

"लिहून द्या," ती म्हणाली, "आणि एक तुकडाही द्या. कागदावर आमचा कुणी विश्वास ठेवत नाही."

त्याने काचेच्या बरणीत, औषधी पाण्यात, फाइटच्या फुप्फुसाची एक करडी चकती दिली. ती तिने मांडीवर धरून घरी आणली. बाकीचा फाइट पेटीतून आला आणि रीतसर पुरला गेला. गाव दोन्ही बाजूंनी बोललं. कुणी म्हणे सैतानीण आहे, कुणी म्हणे राजकारणासाठी नवऱ्यालाही सोडलं नाही. पण पुढच्या वर्षी अपोलोनिया तिच्या दारात उभी राहिली. तिचा धाकटा भाऊ गेला होता, छत्तिसाव्या वर्षी.

"माझा लोरेंझ तर गेला मातीत," ती म्हणाली. "भावाला ने. आणि मी तुला त्या दिवशी बोलले ते..."

"ते बरोबरच बोललीस. चल, परवाना काढू."

दोन वर्षांत अकरा अहवाल झाले. अकराही जणांच्या दाखल्यांवर लाउटेनबाखची सही होती आणि अकरांमध्ये धुळीचा उल्लेख एकदाही नव्हता.

विधानसभेत ती बोलायला उभी राहिली तेव्हा तिने पिशवीतून बरणी काढली आणि समोर ठेवली. सभागृहात कुजबुज झाली. सभापती म्हणाले, "सन्माननीय सदस्या, ही वस्तू कृपया काढून घ्या. सभागृहाची प्रतिष्ठा आहे."

"ही वस्तू नाही, सभापतीमहाराज. हा माझा नवरा."

उजव्या बाजूचा एक जमीनदार ओरडला, "बाई, हा खाटीकखाना नव्हे!"

"खरं आहे," बुर्गल म्हणाली. "खाटीकखान्यावर सरकारी तपासनीस असतो."

मग तिने अकरा नावं, अकरा वयं आणि प्रत्येकापुढे दोन ओळी वाचल्या. आधी लाउटेनबाखची ओळ, मग शवचिकित्सकाची. पंचवीस मिनिटं लागली. जमीनदार वर्तमानपत्र वाचत बसला. दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्रात छापून आलं, की प्रेलबाईंचा गळपट्टा वाकडा होता.

एकोणतीस साली बर्लिनमध्ये नियम झाला, की दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार हा धंद्याचा आजार आहे आणि त्याला भरपाई आहे. आमच्या गावात लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होते. पण नियमात एक शब्द होता, 'गंभीर.' आजार गंभीर असेल तरच भरपाई. आणि गंभीर आहे की नाही, हे ठरवायला विमा मंडळाने कुणाला नेमावं? लाउटेनबाखला! हाझेलरॉइटमधून त्रेसष्ट अर्ज गेले. चार मंजूर झाले. बाकी एकोणसाठांवर एकच शब्द, 'मध्यम.' त्या 'मध्यम'वाल्यांपैकी सतरा जण वर्ष संपायच्या आत मेले. बुर्गल लाउटेनबाखच्या दवाखान्यात गेली.

"डॉक्टरसाहेब, माणूस तुमच्याकडे गंभीर कधी होतो? मेल्यावर?"

"प्रेलबाई, मी शास्त्राप्रमाणे लिहितो."

"शास्त्राचा पगार कोण देतं?"

त्यांनी घंटी वाजवून नर्सला बोलावलं आणि पुढच्या रुग्णाला आत घेतलं.

तेहेतीसच्या मार्चमध्ये नव्या सरकारच्या पक्षाचे तपकिरी शर्टवाले संघटनेच्या कचेरीत घुसले. बुर्गल टेबलाशीच होती. त्यांनी कपाटं खाली ओढली आणि अहवाल, अर्ज, मयतांच्या याद्या, सगळं चौकात नेऊन पेटवलं. गठ्ठे टाकणाऱ्यांत चाकावरचा एक तिशीतला गडी होता, एर्हार्ट नावाचा. त्याचा बाप त्या अकरांपैकी एक.

बुर्गलला दोघांनी दंडाला धरलेलं. ती ओरडली, "एर्हार्ट, तुझ्या हातातल्या गठ्ठ्यात तुझा बाप आहे. बघून टाक रे!"

तो थांबला. गाव बघत होतं. मग त्याने न बघता गठ्ठा आगीत टाकला. पाठोपाठ दुसऱ्या एकाने बरणी आणली, उंच धरून सगळ्यांना दाखवली, काहीतरी घाण विनोद केला आणि फरशीवर आपटली. वर बुटाने चिरडलं. बुर्गल त्या बुटाकडे बघत राहिली.

तिला सात महिने तुरुंगात ठेवलं. खटला नाही, आरोप नाही. 'संरक्षणासाठी अटक' म्हणे. कुणाचं कुणापासून संरक्षण, ते सांगितलं नाही. तिथे तिला तपासायला सरकारी नेमणुकीने डॉक्टर लाउटेनबाखच आले. तिची छाती तेव्हाच शिट्टी घालायला लागली होती. त्यांनी कान लावून ऐकलं आणि लिहिलं, 'कोठडीस व श्रमास योग्य.' उरलेले महिने तिने दगडी तळघरात ओले कपडे पिळत काढले.

सुटल्यावर बारा वर्षं ती गप्प होती, म्हणजे तिला गप्प ठेवली. दर सोमवारी चौकीत हजेरी. ज्यांच्या भरपाईसाठी तिने चपला झिजवल्या होत्या, त्यांतले काही तिला बघून रस्ता ओलांडायचे. अपोलोनिया तेवढी दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत, बटाट्याची टोपली घेऊन यायची. "मला काय करतील?" म्हणायची. "माझं सगळं आधीच नेलंय."

युद्ध संपलं. अमेरिकन आले. बुर्गल पासष्टीला टेकलेली, वीस पावलं चालली की धाप लागायची. नगरपालिकेत ती पुन्हा जाऊन बसली. या वेळी यादीत पहिल्या जागेवर होती, कारण पुरुषांतले बरेचसे मेले होते किंवा तोंड दाखवायच्या लायकीचे उरले नव्हते.

सेहेचाळीसच्या नोव्हेंबरात एका दुपारी तिच्या दारावर टकटक झाली. डॉक्टर लाउटेनबाख होते. केस पांढरे झालेले, टोपी हातात. त्या वर्षी अमेरिकनांनी लावलेल्या चौकशीत दाखवायला सगळ्यांनाच कागद हवा होता. आपण मनाने त्या तपकिरी शर्टवाल्यांत नव्हतो, असं कुणीतरी स्वच्छ माणसाने लिहून दिलेलं पाहिजे होतं. तुरुंगात गेलेल्याने लिहून दिलं तर उत्तमच.

"प्रेलबाई, आपण दोघंही आता म्हातारे झालो."

"बसा. काय काम आहे?"

"मी पक्षात नाइलाजाने गेलो. ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला मी स्वतः कधी त्रास दिला नाही."

"तुरुंगात माझी छाती कुणी तपासली?"

"ते नेहमीचं काम होतं."

"काय लिहिलंत?"

"आता कसं आठवणार? तेरा वर्षं झाली."

"मला आठवतं. 'श्रमास योग्य.'"

लाउटेनबाख थोडे हसले, समजुतीने, हट्टी म्हातारीपुढे हसावं तसे. "तुम्ही जिवंत आहात ना, प्रेलबाई? म्हणजे माझं निदान चुकलं नव्हतं."

बुर्गलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो. तिने टेबलाच्या खणातून कागद काढला आणि सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'डॉ. लाउटेनबाख यांना मी चौतीस वर्षं ओळखते. यांच्यासमोर एकोणसाठ माणसं गुदमरत होती आणि यांनी लिहिलं मध्यम. माझा नवरा गुदमरून मेला आणि यांनी लिहिलं दारू. यांच्याबद्दल याहून चांगलं मला काही ठाऊक नाही. वालबुर्गा प्रेल.'

"घ्या," ती म्हणाली. "शाई वाळू द्या."

त्यांनी तो तिच्या उंबऱ्यावरच फाडला. आणि काय बिघडलं त्यांचं? काही नाही! पाद्रीबुवांनी लिहून दिलं, कारखान्याच्या संचालकाने लिहून दिलं. आणि आपल्या संघटनेचा जुना साथी, मयत साथींचा फंड वीस वर्षं सांभाळणारा ग्यॉर्ग पोएलमान, त्यानेही लिहून दिलं. बुर्गलने त्याला चौकात गाठलं.

"अरे, लाज नाही वाटली?"

"माझ्या नातीचं बाळंतपण अवघड होतं गं बुर्गल. डॉक्टरांनी दोघांना वाचवलं. नाही कसं म्हणू?"

"बाळंतपणाचे आभार मान, मिठाई पाठव. सही कशाला दिलीस?"

अठ्ठेचाळीस साली लाउटेनबाख विमा मंडळाच्या खुर्चीत परत बसले. त्याच टेबलाशी, तोच शिक्का घेऊन.

बुर्गलकडे आता पुरावा काहीच नव्हता. गावातले कागद जळलेले, मोठ्या शहरातलं रुग्णालय बॉम्बने पडलेलं, म्हातारा शवचिकित्सक कधीच गेलेला. दुसरं कुणी असतं तर हात टेकले असते. पण त्या वर्षी क्षयरोग शोधायला सरकारची एक्सरेची मोटार गावोगाव फिरत होती. बुर्गलने जिल्ह्याच्या कचेरीत सात फेऱ्या घातल्या आणि एवढंच मंजूर करून घेतलं, की हाझेलरॉइटच्या फोटोंत क्षय तर बघाच, धूळही बघा. आणि बघणारा डॉक्टर बाहेरचा पाहिजे. संचालकाने मोटारीला कारखान्याच्या आवारात शिरू दिलं नाही. "कामाचा खोळंबा होतो," म्हणाला. मोटार 'काळं अस्वल'च्या अंगणात उभी राहिली. कामगार जेवणाच्या सुट्टीत पळत येत, शर्ट वर करून उभे राहत आणि पळत परत जात. बुर्गल खुर्ची टाकून नावं लिहीत बसली. अपोलोनिया रांगेत घुसणाऱ्यांना काठीने मागे सारत होती.

दोनशे बारा जणांचे फोटो निघाले. एकाहत्तर जणांच्या छातीत धूळ सापडली. त्यांत लाउटेनबाखने 'निरोगी' म्हणून परत पाठवलेले एकवीस. हे बाहेर पडल्यावर मंडळाला सगळे अर्ज पुन्हा उघडावे लागले आणि लाउटेनबाख 'प्रकृतीच्या कारणास्तव' निवृत्त झाले, पूर्ण निवृत्तिवेतनासह. प्रकृती त्यांची ठणठणीत होती. रोज नदीवर मासे धरायला जात. बावन्न सालापर्यंत अठ्ठावन्न घरांत भरपाई सुरू झाली. एर्हार्टच्या घरातही झाली. त्याचा अर्ज बुर्गलनेच भरला होता. तो समोर बसून घामेघूम झाला होता आणि ती त्याला विचारत होती, "बापाचं नाव? मरणाचं कारण? मोठ्याने सांग, मला कमी ऐकू येतं." तिला चांगलं ऐकू येत होतं.

तिच्या स्वतःच्या अर्जाचं काय झालं? तुरुंगातल्या नुकसानीचा अर्ज तिने एका कचेरीत दिला. कचेरीने लिहिलं, आपला खोकला कारखान्यातल्या धुळीचा असावा, विमा मंडळाकडे जावं. मंडळाने लिहिलं, आपण अकराच वर्षं काम केलं, खोकला तुरुंगातल्या ओलीचा असावा, त्या कचेरीकडे जावं. दोघांनीही काखा वर केल्या, आणि म्हातारी पाच वर्षं दोन कचेऱ्यांमध्ये पत्रं टाकत राहिली. दुसऱ्यांचे अठ्ठावन्न अर्ज जिने मंजूर करून घेतले, तिचा एक मंजूर झाला नाही. सत्तावन्नच्या फेब्रुवारीत ती गेली. अर्ज विचाराधीन होता.

मातीच्या दिवशी दुपारी दोन वाजता कारखान्याची चाकं थांबली. कुणी हुकूम दिला नव्हता. तीनशे चाळीस माणसं कामाच्या कपड्यांतच, पांढऱ्या बुटांनी, दफनभूमीकडे चालत गेली आणि अर्ध्या तासाने परत येऊन बसली. संचालकाने तो अर्धा तास पगारातून कापला. संघटना कामगार न्यायालयात गेली. कंपनीच्या वकिलाने उभं राहून सांगितलं, की नातेवाईक किंवा सहकारी यांच्या अंत्यविधीला सुट्टी आहे. सदर मयत बाईला कारखान्याने एकोणीसशे पाच सालीच कामावरून काढलेलं होतं, सबब ती कुणाची सहकारी नव्हती. न्यायालयाने ते मान्य केलं.

निकालाचा कागद फाटकाजवळच्या फळीवर लागला. संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत त्यावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मग आम्ही कुणाच्या मयताला गेलो होतो?' संचालकाने कागद काढून घेतला आणि अक्षर कुणाचं हे शोधायला तीन दिवस लावले. माणसामागून माणूस कचेरीत बोलावला, प्रत्येकाकडून तेच वाक्य लिहून घेतलं. तीनशे चाळीस वेळा ते वाक्य लिहिलं गेलं, आणि अक्षर कुणाचंच जुळलं नाही.